बाली बेटाचा वार्षिक कलोत्सव

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. सातवीच्या वर्गांत आशिया खंडाचा नकाशा फळ्यावर टांगून मी मुलांना आग्नेयेकडील बेटें दाखवीत होतों. जावा बेटाच्या पूर्वेस एक लहानसा ठिपका होता. त्यावर छडी टेकून मी म्हणालों, "हें बाली बेट. येथील बहुसंख्य लोक हिंदु असून रामायण-महाभारताच्या कथा ते नाचून व गाऊन दाखवितात." मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तेथें राम कोणत्या भाषेंत बोलतो?" मीं ठोकून दिलें, "त्यांच्या भाषेंत." मुलगा खालीं बसला, पण आपण उत्तर दिलें नसून प्रश्न टाळला आहे, हें मला त्याच वेळीं जाणवलें. पुढें निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हां त्या बेटाविषयीं जें हातीं येईल तें वाचूं लागलों. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मिळालेंच. पण त्या वाटेनें जातांना तेथें दरवर्षीं भरणाऱ्या एका कलोत्सवाचा इतिहासही उलगडत गेला. तोच आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे.

बाली बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडेंसेंच मोठें. लोकवस्ती मात्र चाळीस लाखांहून अधिक. मुसलमान बहुसंख्य असलेल्या इंडोनेशियांत हिंदूंची बहुसंख्या असलेला हा एकच प्रांत. देन्पसार हें त्याचें मुख्य शहर. या शहरांत 'वर्धि बुदाया' नांवाचें एक विस्तीर्ण कला-उद्यान १९७३ सालीं खुलें झालें. 'वर्धि' हा आपलाच वृद्धि शब्द. 'बुदाया' म्हणजे संस्कृति. या उद्यानाची आंखणी समुद्रमंथनाच्या कथेवर केलेली आहे. प्रदर्शनाच्या इमारतीच्या नांवांत मंदरगिरि आहे, बंदिस्त नाट्यगृहाचें नांव 'क्षीरार्णव' आहे, आणि हजारों प्रेक्षक सामावून घेणाऱ्या खुल्या रंगमंचाचें नांव 'अर्धचंद्र'. परक्या देशांतील रंगमंदिरांचीं हीं नांवें ऐकून मराठी मनुष्यास क्षणभर आपण घरींच आहों असें वाटतें.

याच ठिकाणीं जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, सुमारें महिनाभर, कलोत्सव चालतो. पहिला उत्सव १९७९ सालीं झाला. २०२० सालीं कोविडच्या सांथीमुळें तो भरूं शकला नाहीं. २०२१ सालीं निर्बंध पाळून तो पुन्हां सुरू झाला. प्रत्येक वर्षीं उत्सवाला एक सूत्र दिलेलें असतें, आणि त्याचे शब्द बहुधा संस्कृताशीं नातें सांगणारे असतात. २०१९ सालच्या सूत्रांत 'बायु', म्हणजे वायु, होता. २०२५ च्या सूत्रांत 'लोकहित समुदय' हे शब्द होते.

आतां उत्सवांत पाहावयास काय मिळतें तें सांगतों. आरंभीं सर्व जिल्ह्यांच्या पथकांची मिरवणूक निघते. बेटाचे जिल्हे आठ आणि देन्पसार शहर नववें. प्रत्येकाचा वेष, वाद्यें आणि चाल निराळी. पुढें रोज निरनिराळ्या मंचांवर निरनिराळे खेळ चालतात. एखाद्या मंचावर 'गाम्बुह' असतें. बालीच्या नृत्यनाट्यांत हें सर्वांत जुनें मानतात. त्यांत जवळजवळ हातभर नव्हे, तर दोन-दोन हात लांबीच्या बांसऱ्या वाजतात, पात्रांची चाल संथ असते, आणि त्याचा वारसा जावांतील मजपहित साम्राज्याच्या दरबाराशीं जोडला जातो. दुसरीकडे 'आर्जा' नांवाचें संगीत नाटक चालूं असतें. आपल्या संगीत रंगभूमीवर पुरुष स्त्रीभूमिका करीत. आर्जा हीही प्रथम पुरुषांचीच होती, पण पुढें स्त्रिया तींत आल्या आणि राजपुत्रांच्या भूमिकाही स्त्रियाच करूं लागल्या. तिसरीकडे मुखवट्यांचें 'तोपेंग', चौथीकडे 'वायांग कुलित', म्हणजे कातड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ. सिंधुदुर्गांतील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हा प्रकार अगदींच अनोळखी वाटणार नाहीं. शिवाय इंडोनेशियांतील इतर बेटांचीं आणि परदेशचीं पथकेंही हजेरी लावतात.

मात्र गर्दी खेंचणारे प्रकार दोन. एक म्हणजे 'गोंग कब्यार' या वाद्यवृंदाची चढाओढ. कांशाच्या पट्ट्या लहान हातोड्यांनीं वाजवावयाच्या, सोबत थाळ्यांसारख्या मोठ्या घंटा, ढोल आणि झांजा. वाद्यें जोडीजोडीनें असतात, आणि जोडींतील एक दुसऱ्याहून किंचित् चढ्या स्वरांत मुद्दाम लावलेलें असतें. दोन्ही एकदम वाजलीं कीं नाद पाण्यासारखा हेलकावे खातो. दोन जिल्ह्यांचे वृंद एकाच मंचावर समोरासमोर बसतात आणि आळीपाळीनें वाजवितात. प्रेक्षक आपल्या जिल्ह्याचा पक्ष घेऊन आरडाओरडा करतात. दुसरा प्रकार 'सेन्द्रातारी'. 'सेनी' म्हणजे कला, 'तारी' म्हणजे नृत्य. कला, नाट्य व नृत्य यांची ती मिळवणी. मोठ्या खुल्या मंचावर अनेक नट मुकाट्यानें नाचतात आणि सर्वांचें बोलणें एकटा सूत्रधार ध्वनिक्षेपकावरून बोलतो.

इतके भिन्न प्रकार एका मांडवांत पाहून कोणास हा जत्रेंतील बाजार वाटेल. मलाही प्रथम तसेंच वाटलें. परंतु बेटाचा इतिहास पाहिल्यावर ध्यानांत येतें कीं, या कार्यक्रमपत्रिकेंतील प्रत्येक ओळ म्हणजे एकेका काळाची खूण आहे. कलेचा आश्रयदाता जेव्हां जेव्हां बदलला, तेव्हां तेव्हां एक नवा प्रकार जन्मला. आणि जुनाही, क्षीण होऊन कां होईना, जिवंत राहिला.

पहिला आश्रयदाता राजवाडा. बालींत अनेक लहान लहान राज्यें होतीं, आणि उत्तम वाद्यें, उत्तम नर्तक हे त्यांच्या पदरीं असत. डच लोकांनीं १८४९ पर्यंत उत्तर बाली जिंकली. दक्षिणेंतील राज्यें टिकून होतीं. १९०४ सालीं सानुरच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलें; त्यांतील माल लुटला गेला अशी तक्रार झाली, आणि भरपाईच्या वादाचें निमित्त करून डचांनीं सैन्य उतरविलें. २० सप्टेंबर १९०६ रोजीं बादुंगचा राजा, त्याचें कुटुंब आणि परिवार शुभ्र वस्त्रें नेसून, हातांत कट्यारी घेऊन वाड्याबाहेर पडले आणि तोफा-बंदुकांसमोर चालत गेले. बायका व मुलेंही त्यांत होतीं. शरण कोणीच आलें नाहीं. यास तेथें 'पुपुतान', म्हणजे शेवट, असें म्हणतात. १९०८ सालीं क्लुंगकुंग येथें हेंच पुन्हां घडलें. आपल्याकडील जोहाराची आठवण होऊन वाचतांना मन सुन्न होतें. ज्या देन्पसार शहरांत आज उत्सवाचे दिवे लागतात, त्याच शहरांत तें रक्त सांडलें आहे.

राजवाडे पडले, कलेचें काय झालें? सामान्यतः असें होतें कीं, दरबार बुडाला कीं त्याची कलाही बुडते. बालींत तसें झालें नाहीं, कारण ती गांवांनीं उचलली. तेथें प्रत्येक गांवांत 'बंजार' नांवाच्या वस्त्या असतात, आणि वस्तींतील लोक नाचगाण्यासाठीं 'सेका' नांवाचीं मंडळें स्थापतात; आपल्या खेड्यांतील भजनी मंडळासारखींच तीं समजावीं. दरबारचीं कित्येक वाद्यें या मंडळांकडे आलीं. कांहीं तर वितळवून नव्या घाटांत ओतलीं गेलीं. सुमारें १९१५ च्या सुमारास उत्तर बालींत 'कब्यार' हें नवें वादन पुढें आलें. एकाएकीं भडका उडावा, वीज लखलखावी, तसें तें वाजतें. दरबारी संथपणा त्यांत उरला नव्हता. इ केतुत मार्या या नर्तकानें १९२५ च्या सुमारास या संगीतावर बसून करावयाचें एक नृत्य रचलें. राजकथा नाहीं, देवकथा नाहीं, केवळ वाद्यांच्या लहरीप्रमाणें पालटणारा भाव.

त्यानंतर तिसरा आश्रयदाता आला, तो म्हणजे परदेशचा प्रवासी. १९३१ सालीं पॅरिस येथील वसाहतींच्या प्रदर्शनांत बालीच्या पथकानें कला दाखविली. त्याच दशकांत वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार आणि वायान लिम्बाक हा बालीचा नर्तक यांच्या सहकार्यानें, जुन्या विधींतील पुरुषांच्या समूहघोषाला रामायणकथेची जोड मिळून 'केचाक' नृत्य प्रसिद्धीस आलें. १९५२ सालीं पेलिआतान गांवचें पथक यूरोप-अमेरिकेंत गेलें. पुढें विमानें आलीं, हॉटेलें आलीं. प्रवाशाला वेळ थोडा. म्हणून नृत्यें तोकडीं झालीं. देवळांत देवापुढें अर्पण करावयाचें नृत्य भोजनगृहांत जेवणाऱ्यांपुढें होऊं लागलें.

येथें बालीच्या लोकांपुढें खरा पेंच उभा राहिला. पाहुण्यांचा पैसा नको म्हणावें, तर पोट आणि कला दोन्ही अडतात. सर्वच विकावें, तर देवाला अर्पण करावयास उरतें काय? १९७१ सालीं देन्पसार येथें जाणत्यांचें एक चर्चासत्र भरलें. त्यांनीं आपल्या नृत्यांचे तीन वर्ग ठरविले. 'वाली' म्हणजे देवळाच्या आंतल्या अंगणांतील, पूजेचाच भाग असलेलीं. 'बबाली' म्हणजे मधल्या अंगणांतील, पूजेस साथ देणारीं. आणि 'बालिह-बालिहान' म्हणजे बाहेरच्या अंगणांतील, लोकांच्या रंजनासाठीं असलेलीं. देवळाच्या तीन अंगणांवरून कलेची वांटणी करावी, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. युनेस्कोनें २०१५ सालीं बालीच्या नऊ नृत्यांस मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली, ती याच तीन वर्गांस अनुसरून.

या चर्चेनंतर आठ वर्षांनीं कलोत्सव सुरू झाला. तो सुरू करणारे इदा बागुस मंत्र हे त्या वेळीं बालीचे गव्हर्नर होते. त्यांचें उच्च शिक्षण शांतिनिकेतनांत झालें होतें. रवींद्रनाथ ठाकूर १९२७ सालीं जावा व बाली पाहून आले होते; त्यांच्या विद्यापीठांत शिकलेल्या बालीच्या या विद्वानानें स्वतःच्या बेटावर कलेची ही मोठी शाळा उघडावी, हा योग मनाला सुखावतो. मंत्रांचा हेतु असा कीं, बालीची कला प्रथम बालीच्याच लोकांनीं पाहावी. म्हणून उत्सव शाळांच्या सुटीच्या दिवसांत ठेवलेला आहे, आणि प्रेक्षकांत परदेशी प्रवाशांपेक्षां पोराबाळांसह आलेलीं स्थानिक कुटुंबेंच अधिक दिसतात. १९८० च्या दशकांत वाद्यवृंदांच्या चढाओढींत स्त्रियांचे वृंदही उतरले. त्यापूर्वीं गामेलान हें बहुतेक पुरुषांचेंच काम मानलें जाई. आज मुलांच्या वृंदांचाही त्यांत वेगळा वर्ग असतो.

दोष नाहींत असें नव्हे. चढाओढ म्हटली कीं परीक्षक आले, आणि परीक्षकांस काय आवडतें हें सर्वांस ठाऊक झालें कीं सर्वजण तसेंच वाजवूं लागतात. पूर्वीं गांवोगांवच्या वादनाची धाटणी निराळी होती. ती एका मापानें कापली जाण्याचा धोका आहे. परीक्षेच्या गुणांसाठीं एकाच नमुन्याचे निबंध लिहिणारीं मुलें मीं जन्मभर पाहिलीं. त्यामुळें ही भीति मला पोकळ वाटत नाहीं. सेन्द्रातारीला हजारोंची गर्दी, तर गाम्बुहपुढें मोजकेच जाणते, हेंही खरें. परंतु तो मोजक्यांचा मंचही उत्सवानें राखून ठेवला आहे, आणि विस्मृतींत गेलेले प्रकार वृद्ध कलावंतांकडून शिकून पुन्हां उभे करण्यास तेथें जागा आहे. निव्वळ गल्ल्यावर चालणाऱ्या नाटकगृहांत ती मिळाली नसती.

आणि कार्यक्रमपत्रिकेंत जें आहे त्याइतकेंच, जें बाहेर राहावयाचें तेंही महत्त्वाचें. आंतल्या अंगणांतलें आंतच राहावें, असा या लोकांचा आग्रह आहे. २०१९ सालीं तेथील धार्मिक व कलाविषयक संस्थांनीं, पवित्र नृत्यें विधीबाहेर करूं नयेत, असें पुन्हां एकवार ठरविलें. आपल्याजवळचें सर्वच दाखवावयाचें नसतें, हें ज्यांस कळतें, त्यांस जें दाखवावयाचें तें मोकळ्या मनानें दाखवितां येतें.

शेवटीं त्या मुलाचा प्रश्न. बालीच्या रंगभूमीवर राम, अर्जुन हे 'कवि' भाषेंत, म्हणजे संस्कृत शब्दांनीं भरलेल्या जुन्या जावी भाषेंत बोलतात. ती सामान्य प्रेक्षकास कळत नाहीं. म्हणून सावल्यांच्या खेळांत त्वालेन आणि मर्दाह हे नायकाचे सेवक असतात. धन्याचें प्रत्येक वाक्य ते रोजच्या बाली बोलींत सांगतात, मध्येंच थट्टा करतात, आजच्या गोष्टीही बोलतात. दुष्ट पक्षाकडे हेंच काम देलेम आणि सांगुत करतात. राम आपली भाषा सोडीत नाहीं, आणि शेवटच्या रांगेंतील पोरासही कथा कळल्यावांचून राहत नाहीं. उत्सवाचें कार्य मला या सेवकांसारखेंच वाटतें. जुन्याची भाषा न मोडतां ती नव्या पिढीच्या कानीं पोंचविणें, एवढेंच त्याचें काम. पण तें अवघड आहे. तो मुलगा आतां मोठा झाला असेल आणि कोठें असेल तें मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर पंचवीस वर्षें राहिलेलें एक देणें फिटलें, असें मी समजेन.