अंधार राखणारी पट्टी

महाड-पोलादपूरकडच्या घरांत जुने कपाट आवरताना कधी कधी पाकिटात जपून ठेवलेला छोटा फिल्मचा कॅमेरा निघतो. मुंबईहून किंवा आखातातून कोणीतरी हौसेने आणलेला. बटण दाबले की शटर 'खट्' वाजते, भिंगही स्वच्छ असते. म्हणून रोल घालावा, आणि धुऊन आल्यावर दिसावे काय? सहलीतल्या मुलांच्या चेहऱ्यांवरून गेलेला तांबडा-नारिंगी पट्टा! 'कॅमेरा बाद झाला' म्हणून तो भंगारात जातो. आम्ही असा एक कॅमेरा उघडून पाहिला. दोष होता मागच्या दाराच्या खाचेतील दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या काळ्या पट्टीत.

कॅमेरा म्हणजे मुळात अंधाराची पेटी. छायाचित्रणाच्या इतिहासात भिंगाबद्दल बरेच लिहिले जाते, पण हा अंधार कसा राखला याबद्दल फारच थोडे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी. त्या काळी काचेची पट्टी लाकडी चौकटीत बसवून कॅमेऱ्यात सरकवत. पुढे अशा चौकटीच्या सरकत्या झाकणाची फट मखमलीने बुजवू लागले. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात फिल्म खालून घालायची असे. मागे दारच नाही, मग फट कुठली? १९३४ साली कोडॅकने ३५ मिलिमीटर फिल्मची तयार डबी आणली. तिच्या तोंडाशीही मखमलच.

रोल घालणे सोपे व्हावे म्हणून बिजागरीचे दार आले, आणि दाराबरोबर फट आली. कित्येक कॅमेऱ्यांत ती खोल खाचांनी आणि काळ्या लोकरीच्या धाग्याने बंद केलेली असे. जर्मनीत ओटो बायर व सहकाऱ्यांनी १९३७ साली पॉलियुरेथेन शोधले होते. त्याचा फोम स्वस्त, हवा तसा कापता येणारा, पटकन चिकटणारा. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या जपानी कॅमेऱ्यांत तोच सर्रास वापरला गेला.

एवढीशी फट असून असून किती नुकसान करणार? हिशेब करून पाहू. चित्र घेताना शटर १/१२५ सेकंद उघडते. कॅमेरा दहा मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद, उन्हात राहिला तर फटीला ७५,००० पट वेळ मिळतो. तेव्हा फटीतून येणारा प्रकाश चित्राच्या प्रकाशाच्या ७५,००० व्या भागाइतका असला, तरी तो चित्राची बरोबरी करतो! आणि पट्टा तांबडाच का? रंगीत फिल्ममध्ये लाल प्रकाश टिपणारा थर सर्वांत मागे, आधारपट्टीला लागून असतो. दाराकडून आलेला प्रकाश आधी त्यालाच गाठतो.

आता आपल्या भागाकडे वळू. या फोमपैकी बऱ्याचशा प्रकारांत रेणूंच्या साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात. हवेतले बाष्प हे बंध तोडते. यालाच जलीय विच्छेदन म्हणतात. बंध तुटताना आम्ल तयार होते आणि तेच पुढच्या विच्छेदनाला उत्प्रेरक ठरते. म्हणजे एकदा सुरू झालेली क्रिया स्वतःच वेग घेते. सावित्रीच्या खोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. तिथे फोमचा डांबरासारखा चिकट लगदा होतो यात नवल नाही. कॅमेरा बंद पाकिटात 'जपून' ठेवला तर ओल आतच कोंडते.

दुरुस्ती घरी होण्यासारखी आहे. भिंग आणि शटर सोडून काम फक्त दाराच्या खाचांत करायचे. शटरवर कागद झाकावा, कारण लगद्याचा कण पात्यांत गेला तर कॅमेरा खरोखरच बाद होईल. बांबूच्या टोकदार काडीने लगदा खरवडावा. उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसावा. अरुंद खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवावा, बिजागरीपाशी काळ्या फोमची किंवा मखमलीची पट्टी. पट्टी फार जाड नको, नाहीतर दार नीट मिटत नाही. गंमत पाहा, नव्या पदार्थाने हटवलेली लोकर आणि मखमल शेवटी त्याच्याच जागी परत येतात. बाष्पापुढे त्या फोमहून कितीतरी अधिक टिकतात.

जुलै २०२१ च्या महापुरात महाडमधल्या कित्येक घरांत पाणी शिरले. अशा पाण्यात कपड्यांबरोबर फोटोंचे अल्बमही जातात. ज्या भागात जुनी चित्रे इतक्या सहज नाहीशी होतात, तिथे नवे चित्र चार आण्यांच्या धाग्यावाचून वाया जावे, हे बरे नाही.

वर्गात हे दाखवायला कॅमेराही लागत नाही. बुटांच्या खोक्याला एका बाजूने टाचणीचे छिद्र पाडा, समोरच्या बाजूला बटर पेपर लावा आणि डोक्यावर जाड कापड घेऊन खिडकीकडे पाहा. उलटे झाड दिसेल. मग कोणाला तरी खोक्याचे झाकण केसभर उचलायला सांगा. झाड फिके होत का जाते, हे मुले स्वतःच सांगतील.