कॉफिन : टोपलीपासून तरंगत्या पेटीपर्यंत

हर्मन मेल्व्हिलची ‘मोबी-डिक’ (1851) उघडली की गोष्टीच्या आधी भेटते ‘व्हेल’ या शब्दाची व्युत्पत्ती. निरनिराळ्या भाषांतली देवमाशाची नावं मांडून झाल्यावरच लेखक कथेला हात घालतो. जिचा उंबरठाच शब्दांचा आहे, त्या कादंबरीतली नावंही नीट ऐकायला हवीत.

काही नावांतला संकेत सरळ आहे. कप्तान अहाब. बायबलातल्या अहाब राजाचा अंत एलीया संदेष्ट्याने आधीच सांगितलेला. इथेही जहाज सुटण्यापूर्वी एलीया याच नावाचा एक फाटका माणूस खलाशांना सावध करतो. जहाजाचं नाव ‘पेक्वॉड’, कनेक्टिकटच्या पेक्वॉट लोकांवरून. 1637 मध्ये इंग्रज वसाहतवाल्यांनी मिस्टिकची त्यांची वस्ती जाळून शेकडो माणसं मारली. 1638 च्या हार्टफर्ड तहाने तर उरलेल्यांना स्वतःला पेक्वॉट म्हणवून घेण्याचीही बंदी केली. मेल्व्हिलने त्यांना नामशेष मानलं, ते चूक होतं. पेक्वॉट आजही कनेक्टिकटमध्ये आहेत. पण संपलेल्यांचं नाव म्हणूनच त्याने ते जहाजाला दिलं.

खरी खोली आहे ती ‘कॉफिन’मध्ये. मन काळवंडलं की शवपेट्यांच्या दुकानांपुढे पाय थबकतात, असं निवेदक इश्माएल पहिल्याच परिच्छेदात सांगतो. न्यू बेडफर्डला तो उतरतो त्या खाणावळीचा मालक पीटर कॉफिन. नॅन्टकेट बेटावर हे आडनाव खरोखरच जुनं आणि मातब्बर, त्यामुळे संकेत ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही. वाचणारा इथे मरणाची चाहूल ऐकतो. ती आहेच, पण अर्धीच.

ग्रीक ‘कोफिनोस’ म्हणजे टोपली. येशूने पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या. ग्रीक शुभवर्तमानात त्या टोपल्यांसाठी हाच शब्द आहे. लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तो पेटी, डबा या अर्थाने. मांस भरून भाजायच्या पायचं कणकेचं कवच, तेही कॉफिन! शवपेटी हा अर्थ सोळाव्या शतकात रुजला आणि त्याने बाकीचे सगळे अर्थ गिळले.

कादंबरीत हा शब्द उलट्या वाटेने चालतो. हार्पून फेकणारा क्वीक्वेग तापाने फणफणतो आणि जहाजावरच्या सुताराकडून स्वतःसाठी शवपेटी करवून घेतो. मग बरा होतो, तिच्यात कपडे भरतो आणि अंगावरच्या गोंदणातली चित्रं झाकणावर कोरतो. शवपेटीची पुन्हा साधी पेटी झाली. पुढे जहाजाचा जीवरक्षक बोया समुद्रात हरवतो, तेव्हा याच पेटीच्या फटी बुजवून, डांबर लावून तिला बोया म्हणून टांगतात. शेवटी पेक्वॉड बुडतं आणि एकटा इश्माएल या पेटीच्या आधाराने दिवसरात्र तरंगून वाचतो. माणूस सांभाळून ठेवणारं पात्र! मेल्व्हिलचा श्रेष्ठपणा मला इथे दिसतो : मरणाची खूण म्हणून आणलेल्या वस्तूला तो तिचा सगळ्यात जुना अर्थ परत देतो.

ऑक्टोबर 1851 मध्ये लंडनला निघालेल्या पहिल्या आवृत्तीत मात्र उपसंहारच गळाला होता. निवेदकही बुडाला असेल तर ही गोष्ट सांगितली कोणी, असा आक्षेप तिथल्या समीक्षकांनी घेतला. ती पेटी वर येते ते एकमेव पानच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.