दुष्काळी कामाची कुळकथा

पाऊस गेला की सरकारने रस्त्याचे किंवा तलावाचे काम काढायचे, गावाने तिथे खडी फोडायला जायचे, आठवड्याचा पगार घ्यायचा आणि ज्यांच्याने काम होत नाही त्यांना तसाच शिधा द्यायचा. ही रीत महाराष्ट्राच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी कधीतरी लिहून काढली असेल असे वाटतही नाही. पण ती लिहिली गेली, 1883 साली, ‘फॅमिन कोड’ नावाच्या सरकारी मसुद्यात. त्यामागे लाखो माणसांचे मरण होते.

1866 साली ओरिसात व्यापारी धान्य आणतील या भरवशावर सरकार बसून राहिले आणि सुमारे 10 लाख माणसे गेली. त्या बदनामीनंतर 1873-74 मध्ये बिहारवर संकट आले तेव्हा रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, मुबलक कामे काढली आणि माणसे वाचवली. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली नाही, उधळपट्टीचा ठपका मिळाला. हाच टेंपल 1877 च्या आरंभी मुंबई आणि मद्रास इलाख्यांत दुष्काळाच्या पाहणीला आला तो काटकसरीचा धडा घेऊन. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर जेमतेम आणाभर पैसे, असा दर त्याने सुचवला. एक पौंड म्हणजे आपले साडेचारशे ग्रॅम. शिवाय गावाजवळची कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर जायला भाग पाडायचे, म्हणजे ‘खरे गरजू’ तेवढेच येतील, असा हिशेब.

मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी हा हिशेब मानला नाही. हजारो माणसे कामे सोडून निघून गेली. उपाशी माणसाने अर्धपोटी मजुरी नाकारायची, ही गोष्ट सोपी नव्हे. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना तीच वाटते. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती मागवून सरकारकडे पाठवत राहिले. तिकडे सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी आश्रम काढला. एवढे होऊनही 1876 ते 78 या काळात ब्रिटिश मुलखात 50 लाखांहून अधिक माणसे मेली.

मग रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याचा अहवाल 1880 मध्ये आला आणि तीन वर्षांनी कोडचा मसुदा तयार झाला. प्रत्येक इलाख्याने त्यावरून आपापला कोड बेतला. त्यात भूतदयेची भाषा फारशी नाही, पण कारभाराची समज पक्की आहे. धान्याचे भाव चढू लागले, माणसे गाव सोडून भटकू लागली, चोऱ्या वाढल्या, की अधिकाऱ्याने सावध व्हायचे. आधी चाचणीचे एक काम काढायचे. तिथे गर्दी झाली तर टंचाई खरी. कामांचे आराखडे बऱ्या वर्षांतच करून ठेवायचे. कुणी कुणाला कळवायचे, सारा कधी तहकूब करायचा, तगाई कशी द्यायची, सगळे ठरलेले. संकट आल्यावर विचार करायचा नाही, तो आधीच करून ठेवायचा, ही यातली खरी करामत.

उणीव एकच होती, आणि ती भयंकर होती. कोड अधिकाऱ्याला कर्तव्य सांगे, रयतेला हक्क देत नसे. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी नेमके हेच हेरले. ‘केसरी’तून कोडातल्या सवलती मराठीत समजावून सांगितल्या गेल्या, सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना त्या मागायला सांगू लागले. सरकारचेच पुस्तक सरकारला वाचून दाखवले, तर सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली! आणि 1943 मध्ये बंगालात तर कोड लागूच केला गेला नाही. दुष्काळ जाहीर केला असता तर कोडाप्रमाणे पोसावे लागले असते. तिथे 20 लाखांहून अधिक माणसे मेली.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने 1963 मध्ये कायदा करून सगळ्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ शब्द वगळला आणि ‘टंचाई’ आणली. दुष्काळ मात्र 1972 ला आलाच. त्या वेळी सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन खडी फोडलेली पिढी अजून आपल्यात आहे. मे 1973 मध्ये जवळजवळ 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. मोर्चे निघाले, घेराव झाले, कामे वाढली. पिके पार बुडालेली असूनही बंगालसारखा संहार झाला नाही.

याच काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर गेली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणी केल्यावर 15 दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला एक रुपया, म्हणजे नावालाच. तरी 1877 च्या संपकऱ्यांना जे मिळाले नव्हते ते त्यात होते, मागण्याचा अधिकार. 2005 मध्ये देशाने हेच तत्त्व कायद्यात घेतले आणि काम शक्यतो गावापासून 5 किलोमीटरच्या आत हवे, दूर असेल तर मजुरी वाढवून द्या, असे लिहिले.

त्याच 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करणे बंधनकारक केले आहे. पूर, भूकंप, टंचाई यांत कुणी काय करायचे ते त्यात लिहिलेले असते. तुमच्या जिल्ह्याचा आराखडा मागवून घ्या, आणि पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत आपल्या गावापुरती पाने मोठ्याने वाचायला लावा.