कोपऱ्यावरचं हॉटेल

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला आपला नवीन जालना. १९६४ मध्ये महिको सुरू झाली, १ मे १९८१ ला जिल्हा झाला, पुढे सळयांचे कारखाने वाढले. कामगारांच्या पाळ्यांबरोबर छोटी हॉटेलंही आली.

आपल्या इमारतीला पाणी मारायला यायचो, तेव्हा पोहे-भजी कोपऱ्यावरच्या हॉटेलात व्हायची. घराचा हप्ता थकला त्या महिन्यात मालकानं उधारीची वही पुढं केली नाही.

आता मुलं विचारतात, "बाबा, तिथं काय जायचं?" खरंय, बाकडं डुगडुगतं, भजी तेलकट असतात. पण चहा फक्कड! पंचवीस वर्षांचा शेजार आहे. एकदा जाऊन या. सुवर्णमहोत्सवाला ते असेलच, असं नाही.