पोहण्याच्या गतीचे गणित : विहिरीपासून समुद्रापर्यंत

हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव असलेल्या महाळुंगे पडवळसारख्या आंबेगाव-जुन्नर भागातील गावांत पोहणे ही विहिरीवर शिकायची विद्या होती. पाठीला वाळलेला भोपळा, पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून मुलाला पाण्यात सोडले जाई आणि भीती मोडली की मुटका मारणे, सूर मारणे, तळाची माती वर आणणे यांवरून त्याची पत ठरे. विहिरीच्या घेरात सरळ पल्ला मिळत नसल्याने तेथे दम आणि धाडस जोखले गेले. अंतर आणि वेळ यांचा मेळ घालण्याची गरज पडली नाही.

ती गरज ठरावीक लांबीच्या तरण तलावाने निर्माण केली आणि लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनने, म्हणजे पोहणे, सायकल चालवणे व धावणे सलग करण्याच्या शर्यतीने, ती अटळ केली. 18 फेब्रुवारी 1978 रोजी हवाईतील ओआहू बेटावर झालेल्या पहिल्या ‘आयर्नमॅन’मध्ये सुमारे 3.8 किलोमीटर पोहल्यावर 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धाव बाकी असल्याने, पाण्यात किती शक्ती खर्चावी हा प्रश्न कळीचा ठरला.

याचे उत्तर शास्त्राने टप्प्याटप्प्याने दिले. मोनो आणि शेरर या फ्रेंच संशोधकांनी 1965 मध्ये स्नायूंच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या श्रमाची मर्यादा मांडली, तर जपानच्या वाकायोशी व सहकाऱ्यांनी 1992 च्या सुमारास तीच कल्पना पोहण्यास लावून ‘क्रांतिक गती’, म्हणजे न थकता बराच वेळ राखता येणाऱ्या वेगाची सीमा, काढली. आज प्रशिक्षक त्यासाठी 400 आणि 200 मीटर पूर्ण जोराने पोहायला लावतात. समजा, त्यांना अनुक्रमे 8 मिनिटे आणि 3 मिनिटे 50 सेकंद लागले, तर 250 सेकंदांचा फरक उरलेल्या 200 मीटरांचा असल्याने गती दर 100 मीटरला 2 मिनिटे 5 सेकंद येते. प्रत्यक्ष शर्यतीत याहून काही सेकंद संथ पोहावे लागते, कारण समुद्रात लाटा, प्रवाह आणि दिशा चुकणे यांची भर पडते.

20 ऑक्टोबर 2019 रोजी गोव्यात भारतातील पहिली ‘आयर्नमॅन 70.3’, म्हणजे निम्म्या अंतरांची आयर्नमॅन, झाली. या प्रकारात 1.9 किलोमीटर पोहण्यास 1 तास 10 मिनिटांची मुदत असते, म्हणजे दर 100 मीटरला सुमारे 3 मिनिटे 41 सेकंद. पूर्ण आयर्नमॅनच्या 2 तास 20 मिनिटांच्या मुदतीतूनही हाच आकडा निघतो. ज्याला ही गती तलावात पुरेशा फरकाने राखता येत नाही, त्याने दम कितीही असला तरी समुद्रात उतरण्याची घाई करू नये.