फोटोतली साडी आणि पदराची मागची बाजू

मालिकेतल्या नायिकेची साडी आवडली की हल्ली आपण स्क्रीनशॉट काढतो, फोनला दाखवतो, आणि तशाच दिसणाऱ्या साड्या किमतीसकट समोर येतात. हे तंत्र नवं आहे. पण चित्रातल्या बाईसारखं नेसावं ही हौस फार जुनी. तिचा एक धागा आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवरच सापडतो.

चिंचवडहून लोकलनं निघालं की लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला छापखाना १८९९ मध्ये तिथे हलला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर लागल्या. काठापदराची साडी, ठसठशीत दागिने! हौशी लोक त्या चित्रांवर जर, टिकल्या, मणी लावून देवीला आणखी सजवत. त्याच काळात विलायती गिरण्यांच्या कापडावरही देवदेवतांची रंगीत लेबलं येत. चित्र दाखवून कापड विकणं तेव्हाच सुरू झालं होतं.

पुढे रंगभूमीवर बालगंधर्व आले. १९११ साली ‘संगीत मानापमान’ आलं आणि त्यांची भामिनी गाजली. त्यांचं नेसणं, अंबाडा, गजरा, दागिने पाहून घरंदाज बायका तसं करू लागल्या. पुरुषानं नेसलेली साडी बायकांना वळण लावून गेली, हे आपल्याच महाराष्ट्रात घडलं. मग सिनेमाचा जमाना आला. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधली माधुरी दीक्षितची जांभळी साडी आणि तिचा ब्लाऊज लग्नसराईत सगळीकडे दिसू लागला.

तेव्हा आपल्याकडे काय होतं? फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली पिंपरी कॅम्पची बाजारपेठ. तिथे कापड हातात चुरगाळून बघायचं, घासाघीस करायची, मग शिंप्याला फोटो दाखवायचा. तो सांगायचा, “ताई, गळा एवढा मोठा नको, खांद्यावरून उतरेल.” फोटो आणि अंगावरचा कपडा यांच्यामध्ये एक जाणतं माणूस उभं असायचं, आणि विचाराला चार दिवस मिळायचे.

ते अंतर कसं मिटलं पाहा. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेत ग्रॅमी सोहळ्याला जेनिफर लोपेझ हिरवा झगा घालून आली. तो पाहायला लोक गुगलवर तुटून पडले, पण तेव्हा गुगल फोटो शोधून देत नव्हतं. २००१ मध्ये त्यांनी ती सोय काढली, त्यामागे हा झगाही एक कारण होता. २००६ मध्ये ‘लाइक डॉट कॉम’ आलं. प्रसिद्ध बायकांच्या फोटोतली पर्स किंवा चपला निवडायच्या, की तशाच दिसणाऱ्या वस्तू दुकानांतून शोधून मिळायच्या. २०१० मध्ये गुगलनं ते विकत घेतलं. २०१७ मध्ये ‘गुगल लेन्स’ आली आणि ही युक्ती आपल्या हातातल्या फोनमध्ये शिरली.

हे यंत्र फोटोतला रंग, आकार, नक्षी टिपतं आणि दुकानांच्या फोटोंशी ताडून पाहतं. म्हणजे ते साडी शोधत नाही, साडीसारखा फोटो शोधतं. सूत, पोत, वजन त्याला कळत नाही.

पैठणीचंच घ्या. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलटला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. येवल्याच्या विणकराची सगळी मेहनत त्या मागच्या बाजूला दिसते. फोटो मात्र पुढचीच बाजू दाखवतो. म्हणून छापील नक्कल आणि हातची पैठणी शेजारी शेजारी येतात, आणि स्वस्त ती उचलली जाते. नुकसान विणकराचं होतं, आणि नक्कल अस्सलच्या भावात गळ्यात पडली तर आपल्या पगाराचंही.

आम्ही हौसेच्या विरोधात नाही. फोनवर साडी जरूर शोधा. पण पैसे भरण्याआधी पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. रेशमाला सिल्क मार्क, हातमागाला हँडलूम मार्क आहे का ते विचारा. विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि माल परत घेण्याच्या अटी वाचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती मिळणं हा आपला हक्क आहे. फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि एखाद्या रविवारी कॅम्पात जाऊन तीच साडी हातात घेऊन, उलटून बघायला काय हरकत आहे?