हाली-कलदार आणि हरलेले आठ सामने

आमचे आजोबा हिंगोलीच्या बाजारात कापूस घालायचे, तेव्हा पैसे हाली रुपयात मिळायचे. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात सोयरिकीला किंवा बैल घ्यायला गेलं की कलदार लागायचा. सात हालीचे सहा कलदार, हा भाव आमच्याकडच्या बायाबापड्यांनाही पाठ होता. शंभर कलदाराला हाली किती? सहाला सात, तर शंभराला किती, असं मांडायचं. उत्तर 116 रुपये 10 आणे 8 पै. आजोबा शाळेत गेले नव्हते, तरी हे तोंडी सांगायचे.

या रीतीचं नाव त्रैराशिक. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त ते मांडलं: प्रमाण, फल आणि इच्छा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तिथला शिलालेख यादव राजा सिंघणाच्या काळातला, आणि यादवांचंच राज्य तेव्हा आमच्या मुलखावरही होतं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. मी कळमनुरी तालुक्यात तीस वर्षं गणित शिकवलं, आणि दर वर्षी त्रैराशिकाच्या पहिल्या तासाला हाली-कलदार सांगितला.

पण त्रैराशिक कुठे लावू नये, हेही शिकवावं लागतं. एकदा कबड्डीच्या पोरांनी विचारलं, ‘‘सर, वीस सामन्यांत बारा जिंकलो. शंभरात साठ झाले. पंच्याहत्तर व्हायला अजून किती जिंकायचे?’’ एकजण लगेच म्हणाला, विसाचे पंच्याहत्तर टक्के पंधरा, म्हणजे तीन. वर्गाने माना डोलावल्या. मी म्हटलं, तीन जिंकले तर सामने तेवीस होतील रे! तेविसात पंधरा, म्हणजे जेमतेम पासष्ट टक्के.

हाली-कलदाराचा भाव ठरलेला होता, म्हणून तिथे सरळ त्रैराशिक चालायचं. इथे प्रत्येक विजयाबरोबर जिंकलेलेही वाढतात आणि एकूणही. मग धरायचं काय? पाच मिनिटं कुणी बोललं नाही. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘हरलेले आठ तर आठच राहतील ना, सर?’’

तीस वर्षांत इतका आनंद मला क्वचित झाला. तिने गणित सोडवलंच होतं. पंच्याहत्तर जिंकायचे तर हार पंचवीस टक्के, म्हणजे चौथा हिस्सा. आठ हा चौथा हिस्सा, तर एकूण 32. त्यात जिंकलेले 24. बारा आधीच आहेत, अजून बारा हवेत, तेही सलग. बघा, चौथा हिस्सा काढल्यावर त्रैराशिकच उपयोगी पडलं, फक्त ते हरलेल्यांवर लावायचं होतं.

पोरांनी पुढचा प्रश्न आपणहून विचारला: मधे एक हरलो तर? हरलेले नऊ, एकूण 36, जिंकलेले 27. म्हणजे बारा नव्हे, पंधरा जिंकावे लागतील.